गुरुजींच्या वतीने

औंढ्यात रेवती नांदापूरकरला लोक दोन नात्यांनी ओळखत. शाळेत ती कार्यालयातली बाई. चोवीस वर्षं पोरांचे दाखले तिच्याच अक्षरात निघत आले होते. आणि गावात ती उद्धव गुरुजींची बायको. ही दुसरी ओळख मोठी, कारण गुरुजींना ओळखत नाही असं घर शोधून सापडायचं नाही. जवळा बाजार, शिरड शहापूर, कुरुंदा, पार वसमतपर्यंत, कुठंही नवं घर उभं राहिलं की वास्तुशांतीला गुरुजीच लागायचे. ठेंगणे, गोरे, धोतर सावरत मोटारसायकल चालवणारे. आवाज असा, की बाहेर ओट्यावर बसलेल्या माणसाला आतल्या खोलीतली कथा शब्द न् शब्द ऐकू यायची.

छप्पन्नाव्या वर्षी गुरुजींना शौचावाटे रक्त पडायला लागलं. त्यांनी ते मूळव्याधीवर ढकललं. तासन् तास मांडी घालून बसणाऱ्याला हे चालायचंच, असं म्हणत वर्षभर चूर्णं खाल्ली. त्याच काळात ते आपलं धोतर आपणच धुवायला लागले. रेवतीला आधी बरंच वाटलं होतं, एक काम कमी झालं म्हणून. ही गोष्ट पुढं तिला फार खात राहिली.

नांदेडला तपासणीत कॅन्सर निघाला, मग संभाजीनगरला किरणांचे शेक, औषधं, ऑपरेशन. गाठ इतकी खाली होती की शौचाची वाट कायमची बंद करावी लागली. पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं तोंड बाहेर काढून शिवलं आणि त्यावर चिकटवायची पिशवी दिली. पिशवी कशी बसवायची, कशी बदलायची, ते नर्सबाईंनी रेवतीला दोनदा करून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "गाठ पूर्ण निघाली आहे. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला या." पुण्याहून आलेल्या लेकीनं, जान्हवीनं, दवाखान्यात पेढे वाटले. तिथून पुढं दिवस कसे काढायचे, हे मात्र कुणी सांगितलं नाही. कुणी लपवलं असंही नाही. काय विचारायचं असतं, हेच तिघांना ठाऊक नव्हतं.

पाच महिन्यांनी गुरुजी पहिल्यांदा पूजेला गेले. कुरुंद्याच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं सत्यनारायण होता. आदल्या दिवसापासून त्यांनी जेवण तोडलं होतं, म्हणजे पोट शांत राहील. दुपारी दोनलाच ते घरी परत आले. पूजेचं सामान ओट्यावर ठेवलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. रेवतीनं विचारलं तर म्हणाले, "चक्कर आली." संध्याकाळी त्या घरच्या बाईंचा फोन आला. "गुरुजी बरे आहेत ना हो? तिसऱ्या अध्यायात मधेच पोथी मिटली अन् उठूनच गेले. प्रसादसुद्धा घेतला नाही."

काय झालं असेल ते रेवतीला तेव्हाच कळलं. पोटातला वारा पिशवीत सुटला की आवाज होतो. तो थांबवता येत नाही, आधी सांगून येत नाही. भरल्या घरात, सगळे हात जोडून बसलेले असताना तो झाला असणार. कुणीतरी मान वळवून बघितलं असणार.

त्या दिवसानंतर गुरुजींनी बाहेरच्या पूजा सोडल्या. पाठोपाठ संध्या सोडली, मग घरच्या देवाचीही पूजा सोडली. देव रेवतीच धुवायची, घाईघाईनं, शाळेची वेळ गाठायची म्हणून. एकदा ती म्हणाली, "अहो, नुसतं फूल तरी वाहा." ते तिच्याकडं न बघता म्हणाले, "पोटावर मळ बांधून देवापुढं बसू? तीस वर्षं लोकांना सोवळंओवळं शिकवलं मी."

"आजार आहे हो तो. त्याला काय करणार?"

"तेच तर. काय करणार?"

यजमानांचे फोन आले की ते कंबर धरल्याचं सांगायचे. हळूहळू फोनही थांबले.

लिंक जान्हवीनं पाठवली. कॅन्सरचे उपचार संपलेल्या लोकांसाठी मराठीतून चालणारा गट होता. एकाआड एक रविवारी चार वाजता सगळे फोनवर जमायचे. ऐश्वर्या नावाची एक तरुण समुपदेशक संभाजीनगरहून तो चालवायची. "बाबांना बसव गं आई," जान्हवी म्हणाली, "त्यांच्यासारखीच माणसं आहेत तिथं." बाबांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "चार लोकांसमोर फोनवर पोट उघडून बसायचं का मी?" विषय संपला.

रविवारी चारला रेवती स्वतःच फोन घेऊन गच्चीवर गेली. नुसतं बघून यावं, एवढंच मनात होतं. लिंक उघडली तर बारा-तेरा चौकटी. कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणाच्या डोक्याला रुमाल, एक गृहस्थ तर चहा पीत बसलेले. जान्हवीनं नाव वडिलांचं भरून ठेवलं होतं. ऐश्वर्या हसून म्हणाली, "उद्धव सर, या. आज नवीन आलात."

रेवतीनं घाबरत कॅमेरा लावला. "मी त्यांची बायको आहे. ते येत नाहीत. मी त्यांच्या वतीनं आले. चालतं का?"

शाळेत पालकांच्या वतीनं कुणी दाखला न्यायला आलं की ती अधिकारपत्र मागायची. इथं कुणी काही मागितलं नाही. ऐश्वर्या म्हणाली, "चालतं की. कसे आहेत ते?"

रेवती बोलायला लागली आणि थांबलीच नाही. ऑपरेशन, कुरुंदा, बंद झालेली पूजा. सगळ्यात शेवटी ती म्हणाली, "त्यांना वाटतं त्यांच्या अंगाला वास येतो. मला येत नाही. खरंच येत नाही. पण मी 'येत नाही' म्हटलं की त्यांना वाटतं मी मन राखायला खोटं बोलते. अन् मी गप्प बसले तर वाटतं, येतोच आहे. मी काय बोलावं तेच मला कळत नाही."

मग खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीतून आवाज आला. "बराबर हाय, बाई. माझंबी तसंच व्हतं."

त्या चौकटीत अर्धं कपाळ, त्यावरचं गोंदण आणि वर आभाळ एवढंच दिसत होतं. फोन तिरपा धरला होता. "थोडा खाली घ्या ना," ऐश्वर्या म्हणाली, तसा धरणाऱ्या पुरुषाचा अंगठा आडवा आला आणि मग चेहरा दिसला. साठीची, सुकलेली, डोळे मात्र तरतरीत असलेली बाई.

"मी भिकाबाई. भिकाबाई धर्मसिंग राठोड. डोंगरकडा गावाच्या पल्याड आमचा तांडा हाय. घरात रेंज न्हाई, म्हनून पान्याच्या टाकीपाशी येऊन राहिलो आमी. मलाबी पिशवी हाय. महाराजाला सांगा, मी हितं हाय म्हनून."

आपल्याच जिल्ह्यातली, कळमनुरी तालुक्यातली, त्याच दुखण्याची बाई. रेवतीला एकदम हायसं वाटलं. पण खाली येऊन गुरुजींना सांगायचा धीर झाला नाही. सांगायचं तर आधी आपण तिथं बसलो होतो, हे सांगावं लागणार होतं. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन बैठका झाल्या.

चौथ्या बैठकीत ऐश्वर्यानं नेहमीसारखं विचारलं, "भिकाबाई, पंधरा दिवस कसे गेले?"

"बरे गेले. पिशव्या सरल्या."

"मग आता काय वापरता?"

"फडकं. वरून पलास्टिकची पन्नी बांधते नाडीनं. जुन्या पिशव्या धुऊन धुऊन लावल्या, आता त्या चिकटून न्हाई राहिल्या. चमडी सोलून निघाली, पन चाललंय."

ऐश्वर्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. कुठं मिळतात का ते एका संस्थेला विचारते, थोडा वेळ लागेल, असं ती म्हणाली. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. रेवतीनंही पाठवलं, आणि आपलीच लाज वाटून फोन बंद केला. खाली कपाटात नांदेडहून आलेला पिशव्यांचा नवा खोका होता.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यातल्या पाच पिशव्या वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत नेल्या. शिपाई गोपीचंद कळमनुरीहून रोज जाऊन येऊन करायचा. त्याच्यापाशी पुडा दिला, आणि भिकाबाईच्या नवऱ्यानं, धर्मसिंगनं, कळमनुरीच्या बसस्थानकावर येऊन तो घेतला.

चार दिवसांनी गुरुजी कपाटापाशी उभे होते. "पाच कमी आहेत."

रेवतीला खोटं बोलता आलं नाही. तिनं सगळं सांगितलं. ते ऐकताना गुरुजींनी कपाटाची कडी धरून ठेवली होती.

"किती जण असतात तिथं?"

"तीसेक आहेत. सगळे येत नाहीत."

"आणि त्या तिसांना ठाऊक आहे, उद्धव नांदापूरकर कुरुंद्याहून का पळून आला ते?"

"तुम्ही येत नव्हता. माझ्याशी बोलतही नव्हता. मग मी कुणापाशी बोलायचं?"

"बोलायचंच काहून?" गुरुजींचा आवाज कितीतरी महिन्यांनी चढला. "ती जागा मी आरशात बघत नाही, रेवती. अंघोळीला दिवा लावत नाही. आणि तू ती लोकांना दाखवून राहिलीस."

आपण काही वाईट केलं असं तिला वाटत नव्हतं, आणि यांचं चुकतंय असंही म्हणता येत नव्हतं. पिशव्या दिल्या यावर मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

त्या दिवसापासून गुरुजी पिशवी स्वतः बदलायला लागले, दार लावून. त्यांना ते नीट जमायचं नाही. पिशवीच्या चिकट चकतीचं भोक मोठं कापलं जायचं, कड सुटायची, चादर भिजायची. रेवती चादर धुवायला टाकायची. दाराबाहेर उभं राहून आतला कात्रीचा आवाज ऐकायची. मदतीला जावं तर त्यांचा अपमान, न जावं तर त्यांचे हाल. ती नुसती उभी राहायची.

एका संध्याकाळी ती कणीक मळत होती आणि फोन वाजला. हात भरलेले. तिनं हाक मारली, "अहो, जरा घेता का?" गुरुजींनी फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि तिच्यापुढं धरला.

"बाई, भिकाबाई बोलते. पिशव्या भेटल्या. लई उपकार झाले."

"उपकार कसले," रेवती म्हणाली. "चमडी कशी आहे आता?"

"भरून राहिली. महाराज कसे हायत?"

रेवतीनं गुरुजींकडं बघितलं. ते फोन खाली ठेवतील असं तिला वाटलं. पण ते तसेच उभे राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "मी आहे इथं."

"तुमीच का महाराज? रामराम. तुमी पूजा सोडली म्हनं. काहून?"

"तसंच."

"मला तर भाकरी सोडता न्हाई आली. रोज थापते. समद्यायनं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं, मग खाल्ली. आता कोनी बघत न्हाई."

परातीत बोटं रुतवून रेवती वाट बघत राहिली. आणि मग गुरुजींनी असं काही विचारलं की ती जागच्या जागी थिजली.

"तुम्ही कोणत्या कुशीवर झोपता?"

"उजव्या. डाव्या अंगाला एक जुनं लुगडं घडी करून लावते, म्हंजे झोपेत वळत न्हाई."

"आणि फुगली तर? आवाज झाला तर?"

"हाताचा तळवा दाबून धरायचा वरून. थोडा कमी व्हतो. पुरा न्हाई जात, महाराज. मी खोकते मंग." ती हसली. "आमच्या तांड्यावर समद्याला वाटतं भिकीला खोकला लागला."

गुरुजी हसले नाहीत, पण फोन घेऊन ते बाहेरच्या खोलीत गेले आणि पाव तास बोलत बसले. रेवती परातीपाशी तशीच उभी होती. तिला रडू येत होतं, आणि ते आनंदाचं की आणखी कसलं हे सांगता आलं नसतं. इतके महिने ती या माणसाच्या अंगाला हात लावून सगळं करत आली. यातला एकही प्रश्न त्यांनी तिला विचारला नव्हता. विचारला असता तरी तिला उत्तर आलं नसतं.

त्यानंतर गुरुजी रविवारच्या बैठकीला बसायला लागले. कॅमेरा बंद, आवाज बंद. नाव तेवढं चौकटीत दिसायचं. भिकाबाई बोलायला लागली की ते फोन कानाशी न्यायचे. रेवती शेजारी बसून सुपारी कातरायची. पूजा सुरू झाली नव्हती, पण एक दिवस ते ओट्यावर जाऊन बसले, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनी 'काय गुरुजी' म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. रेवतीनं ते जान्हवीला फोन करून सांगितलं.

आषाढात दोन बैठका भिकाबाई आलीच नाही. तिसऱ्या वेळी आली ती घरातूनच. आवाज तुटत होता. चेहरा पिवळट दिसत होता.

"माझं परत आलं," ती म्हणाली. "आता काळजात हाय म्हनतात." आणि स्वतःच सुधारलं, "न्हाई, यकृत का काय ते."

तपासणीला उशीर झाला होता का, आधी दाखवायला हवं होतं का, हे सगळ्यांच्या मनात आलं असेल. विचारलं कुणी नाही. धर्मसिंग फोन धरूनच म्हणाला, "नांदेडच्या डाक्टरनं घरीच सांभाळा म्हनलं."

ऐश्वर्या जपून बोलत होती. दुखणं कमी करायची औषधं असतात, त्यासाठीचे डॉक्टर असतात, मी आज तुम्हाला वेगळा फोन करते. चौकटींतल्या प्रत्येक माणसाला हेच भय रोज होतं, आणि आज ते एका बाईच्या तोंडून ऐकायला मिळालं होतं. एक जण तर मधेच निघून गेला.

"महाराज हायत का?" भिकाबाईनं विचारलं.

गुरुजींनी रेवतीकडं बघितलं. बैठकीत पहिल्यांदाच त्यांनी कॅमेरा लावला. वाढलेली दाढी, विटलेला सदरा. "आहे."

"तुमचा आवाज लई गोड हाय म्हनतात. आमच्याकडं तुमच्यासारखं कोन येनार? काही तरी म्हना ना देवाचं. दोनच वळी."

गुरुजी सरळ बसले, मांडी घातली. त्यांचे ओठ हलले. रेवतीला वाटलं, आता. तिनं मनात पहिला शब्दही धरला. पण आवाज निघाला नाही. त्यांनी घसा साफ केला, पुन्हा ओठ हलवले. डावा हात पोटावर गेला आणि तिथंच राहिला.

"मला जमत नाही," ते म्हणाले. "मला आता जमत नाही, भिकाबाई."

"ऱ्हाऊ द्या, महाराज. तकलीफ न्हाई घेऊ." ती खरंच समजून बोलत होती, आणि तेच ऐकवत नव्हतं. "हायेत ना तुमी तिथं, बसा नुसते."

ते बसले. बैठक संपेपर्यंत कॅमेरा लावून, फोनकडं बघत. रेंज गेली आणि भिकाबाईची चौकट काळी झाली, तरी त्या काळ्या चौकटीकडं बघत राहिले.

पुढच्या रविवारी बैठक नव्हती. रेवती म्हणाली, "गाडी करून जाऊन येऊ या तांड्यावर. तिला बघून येऊ." गुरुजी तयार झाले. धोतर नेसले, टोपी घातली. गाडी दारात आली. ते पायरीवर बसून चप्पल घालत होते, ती अर्धी घालून तसेच बसून राहिले.

"तिनं पुन्हा म्हणायला सांगितलं तर?"

"नाही सांगणार ती."

"सांगितलं तर मी काय करू, रेवती?"

रेवतीनं ड्रायव्हरला परत पाठवलं. एकटीनं जावं असं तिच्या मनात आलं होतं. पण त्या चेहऱ्यानं पायरीवर बसलेल्या माणसाला सोडून जाणं तिला झालं नाही.

नऊ दिवसांनी शाळेत, दुपारच्या सुट्टीत, गटावर धर्मसिंगचा संदेश आला. बोलून पाठवलेला होता. "भिका गेली. सोमवारी पहाटं. तिनं समद्यायला रामराम सांगितला व्हता." खाली एकामागून एक हात जोडलेली चित्रं येत राहिली. रेवतीनं दाखल्यांचं पुस्तक मिटलं, परत उघडलं. घरी गेल्यावर सांगायला तोंड उघडलं तर गुरुजी म्हणाले, "ऐकलं मी." गटाचे संदेश त्यांच्या फोनवरही येतात, हे ती विसरलीच होती. ते जेवले, हात धुतले आणि आडवे झाले.

याला आता चार महिने झाले. गुरुजींच्या तपासण्या चांगल्या येतात. रविवारी ते बसतात, आवाज बंद ठेवून. देव अजून रेवतीच धुते.

ऐश्वर्यानं हल्ली घरच्या माणसांसाठी शनिवारी वेगळी बैठक सुरू केली आहे. नवरे, बायका, लेकी, सुना. पहिल्या शनिवारी रेवती गच्चीवर बसली. सहाच चौकटी होत्या. एकीत धर्मसिंग होता. त्याचं आता कुणी आजारी नव्हतं, तरी तो आला होता.

रेवतीची पाळी आली तशी ती सवयीनं सांगायला लागली, "या आठवड्यात त्यांची भूक जरा बरी आहे, झोप..."

"रेवतीताई," ऐश्वर्या हळूच म्हणाली, "त्यांचं मी रविवारी विचारेन. तुम्ही कशा आहात?"

रेवतीनं तोंड उघडलं. खाली रस्त्यावर नागनाथाला आलेल्या लोकांच्या गाड्या लागल्या होत्या, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. गुरुजींच्या खोलीची खिडकी उघडी होती. ती शब्द शोधत राहिली. सहाही चौकटींतली माणसं थांबली होती, कुणालाच घाई नव्हती.

"बरे आहोत आम्ही," ती शेवटी म्हणाली. मग, "नाही... मला सांगता येत नाहीये."

"असू दे," ऐश्वर्या म्हणाली. "पुढच्या शनिवारी."